क्रायफ: खरंच एवढा मोठा कोच, का नुसती हवा?

चहाबाज_पुणेकर:
नमस्कार मंडळी. काल रात्री चुलतभावाशी जोरदार वाजलं आणि झोप येत नाहीये म्हणून धागा काढतोय. तो कट्टर बार्सावाला, म्हणजे स्पेनच्या बार्सेलोना क्लबचा भक्त. मॅच कुठलीही असो, दहाव्या मिनिटाला ह्याच्या तोंडी योहान क्रायफ, हॉलंडचा जुना फुटबॉलर आणि बार्साचा माजी कोच. पेप गार्दिओला (बार्साचा नंतरचा कोच) जिंकला की क्रायफमुळे, बार्सा हरली की क्रायफचा रस्ता सोडला म्हणून. शेवटी वैतागून मी आकडे काढले. खेळाडू म्हणून माझं काही म्हणणं नाही. आम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबबरोबर ओळीने तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा; १९७१, ७२, ७३), तीन बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), साष्टांग नमस्कार. पण मॅनेजर म्हणून? आयाक्समध्ये अडीच-तीन वर्षं, बार्सात आठ, आणि १९९६ ला ४९ व्या वर्षी क्लबने काढून टाकल्यावर परत कुठल्या क्लबला कोचिंग नाही. बार्सात ४ लीग आणि १ युरोपियन कप. त्या चारातल्या तीन लीग शेवटच्या दिवशी दुसऱ्याने माती खाल्ली म्हणून मिळाल्या. फर्ग्युसन, अँचेलोटी ह्या ढीगभर ट्रॉफ्या जिंकलेल्या कोचांच्या कपाटासमोर हे म्हणजे आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेचं कपाट.

माझं मत: खेळाडू म्हणून जे वलय होतं ते कोचिंगला फुकट चिकटलं. पटत नसेल तर सांगा, पण मुद्द्याने. भावनिक होऊ नये.

निव्वळ_वाचक:
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कट्टर_कुले:
तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा, आणि त्याला म्हणावं नुसतं नाव घेऊ नको, हा हिशेब पाठ कर.

१९६१ ते १९९० ह्या तीस वर्षांत बार्सेलोनाने लीग किती वेळा जिंकली? दोनदा. १९७४ आणि १९८५. त्यातल्या ७४ च्या टीममध्ये क्रायफ स्वतः खेळत होता, म्हणजे त्याला वजा केलं तर एकच. युरोपियन कप शून्य. १९८६ ला सेव्हियात फायनलला पोचले तर स्टुआ बुखारेस्टविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये चारच्या चार पेनल्टी घालवल्या. १९८८ च्या एप्रिलमध्ये तर खेळाडूंनी हॉटेलात पत्रकार परिषद घेऊन अध्यक्ष नून्येसचा राजीनामा मागितला, त्याला हेस्पेरियाचं बंड म्हणतात. ह्या राखेत क्रायफ आला. बरेचसे जुने खेळाडू गेले, नवीन टीम उभी राहिली, १९९१ ते ९४ ओळीने चार लीग, आणि २० मे १९९२ ला वेम्बलीवर सॅम्पडोरियाला हरवून पहिला युरोपियन कप.

त्यानंतर आजपर्यंत? २०२५ पर्यंतच्या २८ लीगपैकी १८ ह्या १९९१ पासूनच्या आहेत. पाचही युरोपियन कप १९९२ पासूनचे. घर कुणी बांधलं ते कपाट मोजून कळत नसतं राव.

पांढरी_जर्सी:
घर कुणी बांधलं ते माहीत नाही, पण भाडं तेनेरिफेने भरलं एवढं नक्की.

नवीन पोरांसाठी सांगतो, आमची जखम आहे म्हणून तारखेसकट लक्षात आहे. ७ जून १९९२, शेवटचा दिवस, जिंकलो तर लीग आमच्या रेआल माद्रिदची. तेनेरिफेच्या बेटावर २-० पुढे आम्ही, आणि हरलो ३-२. लीग बार्साला. पुढच्या वर्षी परत शेवटचा दिवस, परत तेनेरिफे, परत हरलो, परत लीग बार्साला. आणि तेनेरिफेचा कोच कोण, तर आमचाच जुना खेळाडू वाल्दानो. १९९४ ला देपोर्तिवोच्या ज्युकिचने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी घालवली, गोलकीपरच्या हातात अलगद, लीग पुन्हा बार्साला. तीन वर्षं शेवटच्या ओव्हरला दुसऱ्याच्या नोबॉलवर जिंकायचं आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं. धागाकर्त्याशी सहमत.

खटपट्या:
@पांढरी_जर्सी, शेवटच्या दिवसापर्यंत एका गुणाच्या अंतरात राहायला पण अडतीस मॅच खेळायला लागतात हो. आमच्या ऑफिसात प्रमोशन नशिबाने मिळतं म्हणणारे असतात, ते नऊ वाजता येत नसतात कधी.

पेठेतला_फॉरवर्ड:
आमी कोल्हापूरकर. आमच्यात क्रिकेटपेक्षा फुटबॉल जास्त चालतोय हे पुण्या-मुंबैवाल्यांना सांगून पटत न्हाई. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की पेठेत दुकानं बंद.

मुद्द्यावर येतो. लहानपणापास्नं आमाला सांगितलेलं, डिफेंडरनं बॉल लांब हाणायचा, फॉरवर्डनं पळायचं. मागं पास दिला की गॅलरीतनं शिव्या. मी एकदा आमच्याच गोलकीपरला पास दिला, त्यो बॉल हातात घ्यायला गेला आणि निसटला, गोल. तालमीत आठ दिवस कुणी बोललं न्हाई माझ्याशी. मग पुढं मोबाइलवर त्या बार्साच्या जुन्या मॅचा बघितल्या. गोलकीपर पायानं पास देतोय, तीन डिफेंडर, मधी चार पोरं हिऱ्याच्या आकारात, दोन विंगर पार लाइनीला चिकटून उभं. त्या विंगरला बॉल मिळो न मिळो, त्यानं तितंच उभं ऱ्हायाचं, कारण त्यो तितं उभा हाय म्हणून समोरच्याचा डिफेंडर बी तितंच अडकतोय आणि मधी जागा हुते. हे कळलं त्या दिवशी मला वाटलं आमची निम्मी जिंदगी बॉलच्या मागं पळण्यात गेली. नाद खुळा माणूस. कोच म्हणून मोठा का न्हाई ते तुमी ठरवा.

आईसाहेब_मैदानावर:
पेठेतला_फॉरवर्ड, माझ्या दहा वर्षांच्या मुलाची सेम कथा. रविवारी सकाळी त्याला अकॅडमीत सोडते, तिथले सर (नाव नको) लाइनीवरून सतत ओरडतात "मार! मार! पुढे मार!" घरी येऊन मुलगा विचारतो आई कोणाला मारू. आता ह्या वर्षी दुसरीकडे घातलाय तर तिथे पहिला अर्धा तास मुलांना गोल करून उभं करतात, दोघं मध्ये, बाहेरच्यांनी एका टचमध्ये पास करत राहायचं आणि मधल्यांनी बॉल काढून घ्यायचा. मला वाटलं पैसे घेऊन खेळ खेळवतात. ह्यालाच रोंदो म्हणतात ना? आणि हे क्रायफचं का?

कट्टर_कुले:
@आईसाहेब हो, तोच रोंदो. असे गोल करून जगभर खेळायचेच आधीपासून, पण रोजच्या सरावाचा गाभा म्हणून बार्सात रुजवला तो क्रायफने. त्यात पास, जागा, कोनात उभं राहणं, बॉल गेला की लगेच परत झडप, सगळं आलं. फक्त शूटिंग नाही. पोराला तिथेच ठेवा.

आम्स्तेलकाठी:
मी गेली नऊ वर्षं आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्तेलवेनला. आधी एक किरकोळ तक्रार, ते क्रायफ नाही. डचमधला तो स्वर मराठीत नाहीच. क्रौफ आणि क्रायफ ह्यांच्या मधोमध कुठेतरी, ओठ गोल करून. माझा शेजारी मला तीन वर्षं शिकवतोय, मी म्हटलं की अजून हसतो.

आता गावाबद्दल. तो वाढला ते बेटनडॉर्प मी मुद्दाम सायकलने जाऊन पाहिलं. नावाचा अर्थच काँक्रीटचं गाव. १९२० च्या दशकातल्या कामगारांच्या चौकोनी वसाहती, आपल्याकडच्या जुन्या मिल कामगारांच्या वस्तीसारखा स्वभाव, फक्त स्वच्छ. वडिलांचं भाजीचं दुकान. आयाक्सचं जुनं दे मेर स्टेडियम तिथून चालत काही मिनिटं. तो १२ वर्षांचा असताना वडील हार्ट अटॅकने गेले, मग आई आयाक्समध्ये साफसफाईच्या कामाला लागली, आणि पुढे तिने लग्न केलं ते क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्याशी. म्हणजे ह्या पोराने क्लब आतून पाहिला: गवत कोण कापतं, कपडे कोण धुतं, ड्रेसिंग रूममध्ये कोण कोणाशी बोलत नाही. स्टेडियम आता पाडलंय, तिथे घरं आहेत आणि गल्ल्यांना जगातल्या स्टेडियमची नावं. वेम्बलीच्या नावाचा रस्ता पण आहे. तिथे एक आज्जी कुत्र्याला फिरवत होत्या, त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

धागाकर्त्याचा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. खेळाडू आधी आणि कोच नंतर असे दोन कप्पे ह्या माणसात नव्हतेच. ३० नोव्हेंबर १९८० ची मॅच शोधून बघा. तेव्हा तो आयाक्सचा नुसता सल्लागार, स्टँडमध्ये बसलेला. ट्वेंटेविरुद्ध आयाक्स १-३ मागे. हा उठला, पायऱ्या उतरून खाली आला आणि कोच बेनहाकरच्या शेजारी बाकावर जाऊन बसला, हातवारे सुरू. आयाक्स ५-३ जिंकली. बेनहाकरचा चेहरा बघण्यासारखा.

निव्वळ_वाचक:
म्हणजे लग्नात स्वयंपाकघरात घुसून आचाऱ्याला मीठ सांगणारे काका.

आम्स्तेलकाठी:
@निव्वळ_वाचक तंतोतंत. आणि वाईट म्हणजे काकांचं बरोबर निघायचं.

जुनापुराणा:
मी वयाने तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा मोठा. १९७४ ला गिरगावात राहायचो. वर्ल्डकपच्या बातम्या म्हणजे पेपरात चार-पाच ओळी, त्याही स्कोअरच्या. हॉलंड फायनल हरलं एवढं कळलं, कसं खेळलं ते कळायला पुढे व्हिडिओ कॅसेट यावी लागली. एका पारशी मित्राकडे ती फायनल पाहिली. सुरुवातीचं पहिलं मिनिट त्याने मला चार वेळा दाखवलं. हॉलंड सेंटर करतं, पंधराएक पास होतात, जर्मनांचा पाय बॉलला लागत नाही. मग क्रायफ हाफलाइनच्या अलीकडून बॉल घेऊन निघतो, फोग्ट्सला मागे टाकतो, बॉक्समध्ये ह्योनेस त्याला पाडतो, पेनल्टी, नेस्केन्स, गोल. जर्मनीने बॉलला पहिला हात लावला तो गोलकीपरने जाळ्यातून काढताना. पुढे १-२ हरले ते वेगळं.

पण माझा मित्र काय म्हणाला ते मला आजही आठवतं. तो म्हणाला, पळताना बघू नकोस, त्याआधी बघ. सेंटर फॉरवर्ड असून तो सगळ्यात मागे येऊन उभा होता. हाताने दुसऱ्यांना इकडे जा तिकडे जा दाखवत होता. मैदानात उभा राहून मैदान वरून बघणारा खेळाडू मी त्याच्याआधी पाहिला नव्हता.

चहाबाज_पुणेकर:
@जुनापुराणा काका, सुंदर लिहिलंत. पण हे पुन्हा खेळाडू क्रायफच झालं ना. आणि ती सगळी पद्धत रिनुस मिशेल्सची. टोटल फुटबॉल (सगळ्यांनी सगळ्या जागांवर खेळायचं) त्याचं. १९६५ पासून आयाक्सला त्याने घडवलं, १९७४ ला हॉलंडचा कोच तोच. मग शोध गुरूचा आणि नाव शिष्याचं?

पांढरी_जर्सी:
+१. आणि शिष्याने गुरूचं काय घेतलं नाही तर शिस्त. मिशेल्सला हे समजायचं की टीम म्हणजे वीस माणसं असतात. क्रायफचं कुणाशी पटलं ते सांगा. १९७३ ला आयाक्सच्याच खेळाडूंनी मतदान करून त्याची कॅप्टनशिप काढली आणि कायझरला दिली, रागावून बार्साला गेला. १९८७ ला हा आयाक्सचा कोच असताना रायकार्ड हा खेळाडू भर प्रॅक्टिसमधून निघून गेला तो परत आलाच नाही. लिनेकरसारखा गोल मारणारा माणूस राइट विंगला नेऊन ठेवला. १९९४ ची अथेन्सची फायनल, मिलान ४-० ने धुतात, आणि मायकल लाउड्रुप टीममध्येच नाही, कारण तेव्हा तीनच परदेशी चालायचे आणि साहेबांनी त्याला बाहेर ठेवला. लाउड्रुप उठून आमच्याकडे आला आणि पुढच्या जानेवारीत बार्साला आम्ही ५-० हाणलं. बरोबर एक वर्षापूर्वी त्यांनी आम्हाला ५-० हाणलं होतं. दोन्हीकडून जिंकणाऱ्या बाजूला लाउड्रुप.

कट्टर_कुले:
अथेन्सबद्दल काही बोलत नाही, तो दुखरा दात आहे. त्या मॅचनंतर त्याने सुबिसारेतासारख्या गोलकीपरला पण काढलं, ती पद्धत वाईटच होती.

पण मिशेल्सचा मुद्दा अर्धा बरोबर. मिशेल्स स्वतः १९७१ ला बार्सात आला होता, लीग पण जिंकली ७४ ला. तो गेल्यावर मागे काय राहिलं? काही नाही. मिशेल्सने टीम बनवली, क्रायफने शाळा बनवली. मासियाची (बार्साची पोरांची अकॅडमी) कल्पना १९७९ ची, पण पहिल्या टीमपासून पोरांच्या टीमपर्यंत एकच पद्धत शिकवायची हे खरं घट्ट झालं ते क्रायफच्या काळात. गार्दिओला म्हणजे काडी पैलवान, ना वेग ना ताकद. कुठल्याही दुसऱ्या क्लबने त्याला घरी पाठवला असता. क्रायफने १९९० च्या डिसेंबरात त्याला खेळवला आणि दीड वर्षात तो वेम्बलीच्या फायनलला मधोमध उभा.

आता पुढे बघा. त्याच टीममधला बेगिरिस्ताइन बार्साचा डायरेक्टर झाला, २००८ ला पेपला कोच केलं, मग मँचेस्टर सिटीत जाऊन पेपला तिथेही बोलावलं. आणि पांढरी_जर्सीवाले, तुमचा तो निघून गेलेला रायकार्ड २००३ ला बार्साचा कोच झाला तेव्हा त्याचं नाव सुचवणारा कोण? क्रायफच.

२५ नोव्हेंबर २०१२ ला लेवांतेविरुद्ध दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, माँतोया आला, आणि मैदानावर अकराच्या अकरा खेळाडू मासियात वाढलेले झाले. हे कपाटात ठेवता येत नाही.

झुआरीकाठचो:
गोंयकार हजर. तुम्ही सगळे बार्सेलोनात फिरता आहात, मी गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमला घेऊन जातो. सेर्जिओ लोबेरा, एफसी गोवाचा कोच, २०१७ ला आला. त्याआधी बार्सेलोनात पोरांच्या टीमा सांभाळलेला, तिथला कोच तितो विलानोवाच्या स्टाफमध्ये होता. पहिल्या काही मॅचना आमची काय हालत झाली विचारू नका. आमचा गोलकीपर बॉक्समध्ये समोर फॉरवर्ड उभा असताना डिफेंडरला दोन मीटरचा पास देतोय, आणि माझ्या शेजारचे अंकल खुर्चीवर उभे राहून सायबा भोगोस (देवा, माफ कर) म्हणताहेत. गोल पण खाल्ले तसे. पण रे, मारले किती! आमचा फॉरवर्ड कोरो दोन सीझन ओळीने टॉप स्कोअरर. नंतर लोबेरा मुंबई सिटीला गेला आणि तिथे पण २०२०-२१ ला लीग शील्ड आणि कप दोन्ही.

आणि २०१९ ची मुंबईतली फायनल, आमच्यासमोर बेंगळुरू, त्यांचा कोच कार्लेस क्वाद्रात, तो पण मासियातलाच. म्हणजे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) फायनलला दोन्ही बाकांवर एकाच शाळेची पोरं! आम्ही हरलो एक्स्ट्रा टाइममध्ये, राहुल भेकेच्या हेडरवर, मुंबईचा मुलगा. क्रायफने आयुष्यात फातोर्डा बघितलं नाही, पण माझं ब्लड प्रेशर त्याच्यामुळे वाढलंय हे नक्की.

पेठेतला_फॉरवर्ड:
@झुआरीकाठचो आमच्याकडं एक लोबेरा धाडा की भावा.

आईसाहेब_मैदानावर:
एक भाबडा प्रश्न. आपल्याकडे आचरेकर सर फार मोठे क्रिकेटपटू नव्हते पण केवढे शिष्य घडवले. उलट मोठमोठे खेळाडू कोच म्हणून गडबडतात कारण त्यांना जे आपोआप जमलं ते दुसऱ्याला का जमत नाही तेच कळत नाही. मग ह्याला कसं जमलं?

जुनापुराणा:
@आईसाहेब, माझा एक तर्क आहे. लहानपणी तो आयाक्सकडून बेसबॉलही खेळायचा आणि कॅचर होता. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर. सगळे खेळाडू एका दिशेला तोंड करून उभे, आणि ह्याचं तोंड त्यांच्याकडे. बॉल यायच्या आधी कुठे फेकायचा ते ठरवावं लागतं. त्याने स्वतःच हे सांगितलंय की आधी विचार करायची सवय तिथे लागली. आपल्याकडे धोनी बघा.

दुसरं, तो किरकोळ अंगाचा होता. ज्याला धक्का मारून जिंकता येत नाही तो जागेचा हिशेब शिकतो.

खटपट्या:
आणि तिसरं, डुकरं.

निव्वळ_वाचक:
???

खटपट्या:
खरंच. १९७८ ला ३१ व्या वर्षी हा रिटायर झाला होता. आयाक्सने निरोपाची मॅच ठेवली बायर्न म्युनिकशी, तीही ०-८ हरले, असला निरोप शत्रूला पण नको. मग एका ओळखीच्याच्या नादाने डुक्करपालनात पैसे घातले आणि कमाई बुडाली. म्हणून परत बूट घालावे लागले: लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, स्पेनची लेवांते, परत आयाक्स. १९८३ ला आयाक्सने करार वाढवला नाही तर रागाने सख्खे वैरी फेयनोर्डकडे गेला. त्या सीझनला आयाक्सने त्यांना ८-२ ने तुडवलं, आणि तरी शेवटी लीग आणि कप दोन्ही फेयनोर्डचे. वय ३७. डुकरं चालली असती तर हा माणूस कॅनरी बेटांवर वाइन पीत बसला असता, आणि पायातला वेग गेल्यावर नुसत्या डोक्याने कसं खेळायचं हे शिकायची ती सहा वर्षं मिळालीच नसती.

आम्स्तेलकाठी:
ह्यावर त्याचंच वाक्य आहे, एल्क नादेल हेब झेन फोरदेल. प्रत्येक तोट्याला त्याचा फायदा असतो. इथे म्हणीसारखं वापरतात, मजा म्हणजे व्याकरण चुकीचं आहे. आमच्या डचच्या बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहून सांगितलं, बोलताना असंच बोला, परीक्षेत लिहू नका.

स्पॅनिशमध्ये पण तीच तऱ्हा. अंगावर काटा आला ह्याला ते कोंबडीची कातडी म्हणतात, हा म्हणायचा कातडीची कोंबडी. आता तिकडे लोक मुद्दाम तसं म्हणतात.

पांढरी_जर्सी:
विरोधी बाकावरून एक कबुली. माद्रिदवाला असून मला त्याची एक गोष्ट आवडते. १९७४ च्या फेब्रुवारीत मुलगा झाला, नाव ठेवलं जोर्दी. कातालान नाव, फ्रँकोच्या राज्यात बंदी. नोंदणीवाला म्हणतो होर्हे लिहा. ह्याने सांगितलं, आम्स्टरडॅममध्ये आधीच जोर्दी म्हणून नोंदवलाय, तुम्ही काय ते बघा. आणि त्याच महिन्यात १७ तारखेला आमच्याच मैदानावर, बर्नाबेऊवर, बार्साने आम्हाला ०-५. माणूस उद्धट होता, पण सगळ्यांशी सारखाच उद्धट.

चहाबाज_पुणेकर:
धागा शंभरी गाठणार वाटतं. काल भावाला घरी बोलावलं, ह्या वेळी भांडायला नाही. १९९२ ची वेम्बलीची फायनल यूट्यूबवर पूर्ण बघितली, बाबा पण येऊन बसले. मॅचआधी क्रायफ खेळाडूंना काय म्हणाला ते भावाने सांगितलं, "सालिद इ दिस्फ्रुताद", जा आणि मजा करा. तीस वर्षांचं ओझं घेतलेल्या टीमला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. आणि ११२ व्या मिनिटाला बार्साच्या कोमनची फ्री किक, गोल. क्रायफ जाहिरातीचा बोर्ड ओलांडून मैदानाकडे यायला निघतो आणि पाय नीट उचलत नाही, अडखळतो. जगातला सगळ्यात डौलदार खेळाडू तिथे आपल्या सोसायटीतल्या काकांसारखा दिसतो. बाबा म्हणाले बायपास झाल्यासारखा चालतोय. मी म्हटलं झालीच होती, वर्षापूर्वी, १९९१ च्या फेब्रुवारीत, सिगरेटी फुंकून. तोवर बाकावर सिगरेट, नंतर लॉलीपॉप. सिगरेटच्या पाकिटाला फुटबॉलसारखं पायावर खेळवून लाथ मारतो ती जाहिरातही बाबांना दाखवली. पुढे २०१६ ला कॅन्सरने गेलाच, फुप्फुसाच्या.

तर माझं मत थोडं हललंय. कपाटाचा मुद्दा मी सोडत नाही, पण पेपचं ते वाक्य आता कळलं, की चॅपल क्रायफने रंगवलं, नंतरचे आम्ही फक्त डागडुजी करतो. बाबा म्हणाले म्हणजे जीर्णोद्धार समिती.

पण तेनेरिफेचं नशीब मी लिहून ठेवलंय.

पांढरी_जर्सी:
धन्यवाद. तेवढंच हवं होतं.

आईसाहेब_मैदानावर:
अवांतर: मुलाने काल मॅचमध्ये गोलकीपरला मागे पास दिला. गोल झाला. आपल्यावरच. कोच सर म्हणाले पास बरोबर होता, गोलकीपर चुकीच्या ठिकाणी उभा होता. गोलकीपरच्या आईने मला ग्रुपवर ब्लॉक केलंय.

पेठेतला_फॉरवर्ड:
वैनी, आठ दिवस थांबा, बोलतील.